आधी माप एक करा



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला बोलावले, तेव्हा आम्ही हमाल, मापाडी आणि तोलणार यांच्या मजुरीवर बोलू अशीच त्यांची अपेक्षा असणार. नांदेड आणि लातूर येथल्या आडत बाजारांत या मंडळींची संघटना बांधण्यात आमची उमेद खर्ची पडली आहे. शाळेने आम्हाला लवकर निरोप दिला. पुढचे शिक्षण आम्ही वाचनालयात, संपाच्या मंडपात आणि कामगारांच्या शिकलेल्या मुलामुलींकडून घेतले. अशा माणसाने आज निवडलेला विषय ऐकून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. ज्याला आपण वायफाय म्हणतो, त्या बिनतारी यंत्रांच्या आज्ञावलीत दोन पूर्णांकांची तुलना करताना कोणत्या चुका होतात आणि त्या कशा दुरुस्त करतात, हा आमचा विषय आहे. तो विद्वानांचा वाटतो खरा. परंतु ज्याचे दिवस काट्याशेजारी उभे राहण्यात गेले, त्याला तो परका वाटण्याचे कारण नाही. मूळ प्रश्न मापाचाच आहे.

सभेत जी ऐंशी ओलांडलेली मंडळी आहेत, त्यांना हाली आणि कलदार हे शब्द समजावून सांगायला नकोत. तरुणांसाठी सांगतो. नांदेड आणि लातूर ही दोन्ही गावे निजामाच्या राज्यात होती. त्या राज्याचा रुपया तो हाली आणि इंग्रजी मुलखातला रुपया तो कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा भाव होता. १९५० साली इकडे भारतीय रुपया आला, तरी हाली रुपया कायद्याने पुरता बाद व्हायला १९५९ साल उजाडले. आता समजा, एका मुनिमाला एक पेढी महिना ३५ हाली देते आणि दुसरी ३१ कलदार देते. नुसते आकडे पाहिले तर ३५ मोठे. पण ३५ हालीचे कलदार केले की ३० भरतात. म्हणजे मोठा दिसणारा आकडा प्रत्यक्षात लहान निघाला. मुनिमाचे गणित चुकले नाही, आकडेही खोटे नाहीत. चूक एवढीच की दोन वेगळ्या प्रकारचे आकडे एकाच प्रकारचे समजून शेजारी ठेवले.

जुन्या कागदांतही हाच प्रकार दिसतो. निजामी कागदांवर फसली सन असे. १९४८ साली फसली १३५७ चालू होता. सुमारे ५९० मिळवल्याशिवाय फसलीचा इसवी सन होत नाही. ज्याला हे ठाऊक नाही, तो एकाच वर्षाच्या दोन कागदांत जवळजवळ सहाशे वर्षांचे अंतर काढील.

आणि आमच्या बाजारातले रोजचे उदाहरण घ्या. हमाली पोत्यामागे ठरते. १०० किलोच्या पोत्याला दहा रुपये आणि ५० किलोच्या कट्ट्याला सहा रुपये, यांतला जास्त दर कोणता? सहा हे दहापेक्षा कमी, हे लहान मूलही सांगेल. पण क्विंटलवर हिशेब केला तर कट्ट्याला बारा रुपये पडतात. म्हणून कराराच्या बैठकीत आम्ही आकड्याच्या आधी माप लिहून घेतो. माप न लिहिता ठरलेला दर पुढे भांडणाला कारण होतो, हा आमचा अनुभव आहे.

आता यंत्राकडे वळू. यंत्राच्या पोटात आकडा कसा राहतो? आठ दिव्यांची एक ओळ डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक दिवा एक तर लागलेला असतो किंवा विझलेला. या एका दिव्याला बिट म्हणतात आणि आठांच्या ओळीला बाइट. आठ दिवे लावण्या-विझवण्याच्या एकंदर २५६ तऱ्हा होतात. या २५६ तऱ्हांना कोणते आकडे म्हणायचे, हे माणसाने ठरवायचे असते. एक रीत अशी की शून्यापासून २५५ पर्यंत मोजावे. यात उणे आकड्याला जागाच नाही. दुसरी रीत अशी की निम्म्या तऱ्हा उणे आकड्यांना द्याव्यात. मग उणे १२८ पासून अधिक १२७ पर्यंत मोजता येते. पहिल्याला बिनचिन्ही पूर्णांक म्हणू, दुसऱ्याला चिन्ही पूर्णांक म्हणू. मौज अशी की आठही दिवे लागलेले असले तर पहिल्या रीतीने तो आकडा २५५ होतो आणि दुसऱ्या रीतीने उणे एक. दिवे तेच, पण वाचणारा वेगळा. हाली आणि कलदार यांच्यावर निदान छाप तरी वेगळा असे. इथे तोही नाही.

उणे आकडा यंत्राला कशाला लागतो, असे कोणी विचारील. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा पाहा. दुकानदार रिकामे भांडे ठेवतो आणि बटण दाबून काटा शून्यावर आणतो. नंतर भांडे उचलले की काट्यावर उण्याचे चिन्ह उमटते. ते भांड्याचे वजन होय. आता असा काटा कल्पा, की ज्याला उण्याचे चिन्हच दाखवता येत नाही. भांडे उचलताच तो काय दाखवील? शून्याच्या खाली जाता येत नाही म्हणून तो उलटा फिरून थेट शेवटच्या आकड्यावर जाईल. ओळ बत्तीस दिव्यांची असेल तर उणे एकच्या जागी ४,२९,४९,६७,२९५ हा आकडा उमटेल. रिकाम्या काट्यावर चारशे कोटींहून जास्त!

हा विनोद झाला. परंतु सी नावाची जी संगणकाची भाषा आहे, तिच्यात हाच विनोद नियम म्हणून बसलेला आहे. ही भाषा डेनिस रिची यांनी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास घडवली. राउटर, मोबाइल आणि त्यांच्यातली बिनतारी यंत्रणा यांची बहुतेक आज्ञावली आजही तिच्यात लिहिलेली आहे. या भाषेत बत्तीस दिव्यांच्या रुंदीचा एक चिन्ही आणि तेवढ्याच रुंदीचा एक बिनचिन्ही आकडा तुलनेला आणला, तर चिन्ही आकड्याला बिनचिन्ही समजून मगच तुलना होते. परिणाम असा की उणे एक हा चोवीसपेक्षा लहान आहे का, असे विचारले तर यंत्र बिनदिक्कत ‘नाही’ म्हणते.

चोवीस हा आकडा आम्ही सहज घेतला नाही. बिनतारी यंत्रे एकमेकांना हवेतून जे निरोप धाडतात, त्यांच्या माथ्यावर पत्त्यांचा मजकूर असतो. नेहमीच्या निरोपात तो चोवीस बाइटांचा असतो. पाकिटावर जसा पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता, तसाच हा. म्हणून निरोप आला की आज्ञावली आधी विचारते, आलेला मजकूर चोवीसपेक्षा कमी आहे का? कमी असेल तर पाकीट अर्धवट समजून टाकून द्यायचे. हा झाला फाटकावरचा पहारेकरी. आता निरोप घेताना काही बिघडले तर ‘किती बाइट आले’ याचे उत्तर म्हणून उणे आकडा परत करायचा, असा या कामातला संकेत आहे. उणे म्हणजे काम फसले. पण पहारेकऱ्याच्या हातातले चोवीसचे माप बिनचिन्ही असेल, तर त्याला फसलेल्या कामाचा उणे आकडा चारशे कोटींचा दिसतो. तो म्हणतो, मजकूर भरपूर आहे, जाऊ द्या आत. ज्याला अडवण्यासाठी त्याला उभे केले होते, नेमका तोच आत गेला.

ही आमची कल्पना नव्हे. बिनतारी जाळ्यात शिरताना परवलीचा शब्द तपासण्याचे काम करणाऱ्या दोन प्रसिद्ध आज्ञावल्या आहेत, होस्टएपीडी आणि डब्ल्यूपीए सप्लिकंट. पहिली जाळे पुरवणाऱ्या यंत्रात चालते आणि दुसरी जाळ्यात शिरणाऱ्या. अँड्रॉइड फोनांतही दुसरीचा उपयोग झालेला आहे. २०१५ साली या दोहोंत अशा जातीचे दोष उघडकीस आले. एका ठिकाणी तुकड्यातुकड्यांनी येणाऱ्या मजकुरात प्रत्येक तुकड्याची लांबी पाठवणाराच सांगत असे. ती ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त नाही ना, एवढे तपासले जाई. पण अवाढव्य आकडा धाडला तर तो चिन्ही पूर्णांकात बसताना उणे होऊन बसे. उणे आकडा मर्यादेपेक्षा जास्त कसा असेल? तपासणी पार पडे आणि पुढे स्मृतीत भलत्याच जागी हात जाई. दुसऱ्या ठिकाणी आलेल्या निरोपाच्या लांबीतून ठरावीक माथा वजा केला जाई. निरोप माथ्याहूनही आखूड असला तर उत्तर उणे येई. पण पुढे ते बिनचिन्ही मापाने वाचले जाई, म्हणून ते प्रचंड मोठे दिसे. तिसऱ्या दोषात बिनतारी जाळ्याच्या नावाचा प्रश्न होता. नाव जास्तीत जास्त ३२ बाइटांचे, असा नियम आहे. पण नावाची लांबी सांगणारा रकाना एक बाइटाचा, म्हणजे त्यात २५५ पर्यंत काहीही लिहिता येते. बत्तीस शेरांच्या भांड्यात किती ओतायचे हे भांडे न पाहता पावतीवरच्या आकड्यावरून ठरवले, तर काय होणार?

२०२२ च्या ऑक्टोबरात याहून मोठे प्रकरण झाले. लिनक्स ही लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली फिनलंडमध्ये सुरू केलेली आज्ञावली अँड्रॉइड फोनांच्या आणि पुष्कळशा राउटरांच्या तळाशी असते. तिच्या बिनतारी विभागात जर्मनीतल्या डार्मस्टाट तांत्रिक विद्यापीठाच्या एका संशोधकाला काही दोष सापडले. त्यांतला एक असा की काही लांब्यांची बेरीज आठ दिव्यांच्या आकड्यात ठेवली जात होती. बेरीज २५५ च्या पुढे गेली की आकडा पुन्हा शून्यापासून सुरू होई, आणि मग त्या खोट्या, लहान आकड्यावर विसंबून राखलेल्या जागेत मावेल त्याहून मोठा मजकूर भरला जाई. तो दोष २०१९ पासून तेथे होता. वाईट गोष्ट अशी की त्यासाठी तुम्ही परक्या जाळ्यात शिरायला हवे असेही नव्हते. आसपास कोणती जाळी आहेत याचा शोध यंत्र घेत असताना कोणी मुद्दाम घडवलेला निरोप हवेत सोडला, तर तेवढ्याने काम होई. दुरुस्ती मात्र त्याच महिन्यात झाली.

हे जर्मनीचे आणि फिनलंडचे झाले, आपल्याला त्याचे काय, असे म्हणू नका. आमच्या भागातल्या एका कारखान्याच्या गोदामात फाटकावर हजेरीचे यंत्र बसवले होते. नाव घेण्याचे कारण नाही. कामगाराने बोट टेकवायचे, नोंद यंत्रात राहायची आणि तिथून बिनतारी मार्गाने कार्यालयात जायची. पावसाळ्यात एकदा रात्रपाळीच्या अकरा जणांची हजेरी गेली. रात्रभर पोती वाहिलेल्या माणसाला सकाळी सांगण्यात आले की तू आलाच नव्हतास, यंत्र खोटे बोलत नाही. तपास केला तेव्हा असे निघाले की त्या रात्री दुवा तुटला होता. कार्यालयाने किती नोंदी स्वीकारल्या, या प्रश्नाला उत्तर आले उणे एक. आज्ञावलीने ते शिल्लक नोंदींच्या बिनचिन्ही आकड्याशी ताडले. उणे एक तिला अफाट मोठे दिसले, सगळ्या नोंदी पोचल्या असा तिने अर्थ लावला आणि स्वतःजवळच्या पुसून टाकल्या. दोष शोधून दाखवणारी मुलगी एका हमालाचीच होती. ती अभियांत्रिकी शिकत होती. अकरा जणांची मजुरी परत मिळाली ती मुकादमाच्या वहीमुळे. यंत्र आल्यावरही वही बंद करू नये, असा आग्रह संघटनेने धरला होता, म्हणून ती वही होती.

यंत्र खोटे बोलत नाही हे खरे मानले, तरी यंत्राला माप देणारा माणूसच असतो. म्हणून दोषाची दुरुस्तीही माणसानेच करायची असते. ती कशी करतात हे थोडक्यात सांगतो. पहिला उपाय सर्वांत साधा आहे. आकाराशी तुलना करण्याआधी आकडा उणे आहे का, हे वेगळे विचारायचे. उणे असेल तर तिथेच थांबायचे. २०१५ च्या त्या तुकड्यांच्या लांबीच्या दोषावर हाच उपाय झाला. दुसरा उपाय असा की दोन्ही बाजूंचे माप एक करायचे आणि ते पुरेसे मोठे घ्यायचे, म्हणजे बेरीज ओसंडणार नाही. तिसरा उपाय पहाऱ्याचा आहे. आपण लिहिलेला मजकूर यंत्राच्या भाषेत उतरवणारा जो कंपायलर असतो, त्याला सांगून ठेवता येते की चिन्ही आणि बिनचिन्ही आकड्यांची तुलना दिसली तर ओरड. अशा इशाऱ्यांचा पुष्कळांना कंटाळा येतो, कारण त्यांतले बरेचसे निरुपद्रवी असतात. पण कंटाळून ते बंद केले तर उपद्रवी इशाराही ऐकू येत नाही.

या बाबतीत लिनक्सच्या कारागिरांचा एक वाद ऐकण्यासारखा आहे. दोन आकड्यांतला लहान कोणता हे सांगणारी ‘मिन’ नावाची एक छोटी आज्ञा ते वापरतात. तिच्यात चिन्ही-बिनचिन्हीची सरमिसळ होऊन दोष शिरत. म्हणून २००१ साली २.४.९ या आवृत्तीत असे ठरले की तुलना कोणत्या मापाने करायची, ते प्रत्येकाने दर वेळी लिहिलेच पाहिजे. पुष्कळ कारागीर रागावले. शेवटी तडजोड झाली ती अशी: दोन्ही बाजू एकाच प्रकारच्या असतील तर काही लिहू नका, वेगळ्या असतील तर कंपायलर तक्रार करील, आणि ज्याला अमुकच माप हवे आहे त्याने ते उघड लिहावे. पुढे या नियमाला मुरड घातली गेली, परंतु उण्या-अधिकाची सरमिसळ अडवण्याचा हेतू कायम राहिला. आमच्या कराराच्या बैठकीत आणि या वादात आम्हाला फारसा फरक दिसत नाही.

तरीही उघड लिहिलेले माप चुकीचे असले तर काय? तक्रार बंद होते, पण दोष राहतो. तीनशे आणि दोनशे यांतला लहान कोणता, हे कोणी आठ दिव्यांच्या मापाने विचारले, तर तीनशे त्या मापात मावत नाहीत. २५६ सांडतात आणि ४४ उरतात. यंत्र सांगते, लहान आकडा ४४. तुलना करायला दिलेल्या दोन आकड्यांत ४४ मुळी नव्हताच! म्हणजे तक्रार मिटवण्यासाठी आकड्याला जबरदस्तीने दुसऱ्या मापात कोंबणे ही दुरुस्ती नव्हे. कामगारांच्या तक्रारीही अशाच मिटवल्या जातात, हे येथे बसलेल्या पुष्कळांना ठाऊक आहे.

या दुरुस्त्या कोण करते? यांतल्या कित्येक अवघ्या एका ओळीच्या असतात. त्या करणाऱ्यांचे सत्कार होत नाहीत. पण लिनक्सच्या कामात एक पद्धत आम्हाला फार आवडली. २००४ पासून तेथे प्रत्येक बदलाखाली करणाऱ्याचे नाव सहीसारखे लिहिले जाते, तपासणाऱ्याचेही लिहिले जाते. दोष दुरुस्त करताना तो पूर्वीच्या कोणत्या बदलाने शिरला, त्याचाही क्रमांक पुष्कळदा देतात. तो कोणाला शिक्षा करण्यासाठी नव्हे. तो दोष ज्या ज्या जुन्या आवृत्त्यांत गेला असेल, त्या सगळ्यांत दुरुस्ती पोचावी म्हणून. आणि हे सारे दप्तर कोणालाही वाचता येते. नांदेडच्या श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेतल्या किंवा लातूरच्या एखाद्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला ते वाचायला कोणाची चिठ्ठी लागत नाही. आमची मुले शिकून पुण्याला जातात, या धंद्यात शिरतात. नवे यंत्र घडवण्याचे स्वप्न त्यांनी जरूर पाहावे. पण दुसऱ्याच्या आज्ञावलीतली एक चुकीची तुलना शोधून दुरुस्त करणे हेही पूर्ण कारागिरीचे काम आहे, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे.

आता शेवटची आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट. दुरुस्ती झाली, म्हणजे ती आपल्या घरी पोचली असे होत नाही. मूळ आज्ञावलीतली दुरुस्ती फोन किंवा राउटर विकणाऱ्या कंपनीने आपापल्या यंत्रापर्यंत आणावी लागते. कंपनीने एखाद्या नमुन्याची मुदत संपली असे म्हटले की ते काम थांबते. ज्याला परवडते तो नवा फोन घेतो आणि दुरुस्ती त्याच्या खिशात येते. हमालाच्या खिशात मात्र दुसऱ्या हाताचा, मुदत संपलेला फोन असतो. त्याच फोनवर त्याचे बँकेचे खाते आणि मजुरीचा निरोप येतो. दोष सर्वांना सारखा वाटला गेला होता. दुरुस्ती तशी वाटली जात नाही. हा प्रश्न गणिताचा नाही, आणि तो कोणा एका कारागिराच्या हातातलाही नाही.

म्हणून आमचे तीन आग्रह आहेत. यंत्र विकत घेताना, मग ते घरचे राउटर असो की नगरपालिकेचे, किती वर्षे दुरुस्ती मिळेल हे किमतीच्या आधी विचारा आणि पावतीवर लिहून घ्या. हजेरीचे यंत्र जिथे असेल तिथे कामगाराला स्वतःची नोंद त्याच दिवशी पाहता आली पाहिजे, आणि कार्यालयाची पोच आल्याशिवाय यंत्राने नोंद पुसता कामा नये. आणि तिसरे, यंत्राच्या आकड्याविरुद्ध माणसाने तक्रार केली, तर ती माणसाने ऐकली पाहिजे. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. कामाची नोंद एकट्या मालकाच्या मर्जीवर राहू नये, ही त्याच्या मागची एक धडपड होती. वहीच्या जागी यंत्र आले म्हणून ती धडपड शिळी झालेली नाही.

विषय रूक्ष होता, तरी आपण शांतपणे ऐकून घेतलेत. आडत बाजारात न शिकलेला मापाडीसुद्धा पोते काट्यावर चढवण्याआधी काटा शून्यावर आहे का ते पाहतो आणि बारदानाची कट किती हे विचारतो. तेवढी चौकशी यंत्र घडवणाऱ्याने, विकणाऱ्याने आणि वापरणाऱ्याने करावी, एवढेच आमचे मागणे आहे.